जाहिरात उलटी वाचा, मग मेजर ठरवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलंय. मुलगी बारावी सायन्स झाली. एबी ग्रुप होता, म्हणजे गणितही आहे आणि जीवशास्त्रही. मेडिकलला नंबर लागला नाही, इंजिनिअरिंग तिला नकोच होतं. बीएस्सी करायचं पक्कं झालंय, पण मेजर (मुख्य विषय) केमिस्ट्री घ्यावा, बायोटेक्नॉलॉजी की डेटा सायन्स, यावर घरात रोज चर्चा चालते. पुण्याचे मामा म्हणतात, पुढच्या दहा वर्षांत एआयशिवाय काही उरणार नाही. आजोबा म्हणतात, बडोद्यात राहायचं तर केमिस्ट्रीच. ऐकावं कोणाचं?

ताई, माझं काम औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतलं. बीएस्सी, एमएस्सी झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेणं आणि निवडलेल्यांना शिकवून तयार करणं हा त्यातला मोठा भाग. मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने जे दिसतं, ते सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पदवीला मूळ विषय घ्यावा, त्याला जोड म्हणून आकडेमोडीचा एखादा विषय घ्यावा आणि विशेष शाखा एमएस्सीपर्यंत लांबवावी. सतरा-अठराव्या वर्षी फार अरुंद नावाची पदवी घेतली की जे दरवाजे बंद होतात, ते त्या वेळी दिसत नाहीत. दिसतात ते पाच वर्षांनी, अर्ज भरायला बसल्यावर.

हे ताडून बघायची एक पद्धत आहे. बहुतेक घरांत प्रश्न असा विचारतात की हा विषय घेतला तर पुढे काय. तो उलटा करा. मुलीला पुढे जे काम करावंसं वाटतं, त्या कामाच्या भरतीची जाहिरात आजच उघडा आणि त्यातली पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वाचा. पगार आणि वयाची अट नंतर बघू. पदवी कशातली मागितली आहे, 'मुख्य विषय' म्हटलंय की 'एक विषय' म्हटलंय, समकक्ष पदवी चालेल असं कुठे लिहिलंय का, एवढंच आधी बघा.

उदाहरण देतो. औषधनिर्मितीचा परवाना ज्या नियमांवर चालतो ते औषध नियम १९४५ चे. उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली होतं त्या तज्ज्ञ माणसाची पात्रता त्यात लिहिलेली आहे. फार्मसीची पदवी चालते. विज्ञान पदवीधरही चालतो, पण त्याने रसायनशास्त्र मुख्य विषय म्हणून शिकलेलं असावं आणि औषधनिर्मितीचा किमान ३ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असावा. तपासणीच्या बाजूलाही जबाबदार माणसांची पात्रता राज्याच्या औषध प्रशासनाकडून मंजूर करून घ्यावी लागते. आपल्याकडे त्याला 'एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट' म्हणतात आणि अशा माणसाला बाजारात वेगळी किंमत असते. आता कल्पना करा, हातात सात-आठ अक्षरी सुंदर नावाची पदवी आहे, त्यात केमिस्ट्रीचे चार पेपर होतेही, पण मुख्य विषय म्हणून ती कुठेच लिहिलेली नाही. माणूस हुशार असतो, कामही येत असतं, आणि कागद अडतो. हे मी होताना पाहिलंय.

सरकारी बाजूलाही तेच. भूवैज्ञानिकांसाठी यूपीएससी जी एकत्रित परीक्षा घेते, तिच्यात केमिस्टचं पद असतं आणि भूभौतिकीचंही. केमिस्टला रसायनशास्त्रातली एमएस्सी लागते. भूभौतिकीला फिजिक्सची एमएस्सी चालते, हे फिजिक्सच्या मुलांनाही फारसं माहीत नसतं. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी पुरतं. नुसत्या गणितावर मात्र तिथे भागत नाही. अणुवीज महामंडळाच्या वैज्ञानिक सहायकाच्या प्रशिक्षणाला विज्ञान पदवीधर घेतात, आणि तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हेच विषय बघतात. काक्रापारचं अणुवीज केंद्र आपल्यापासून किती लांब आहे? तिथे ७०० मेगावॉटचे दोन नवे संच उभे राहिले, आणि बडोद्यातल्या किती घरांत या नोकरीचं नाव निघतं?

आता आजोबांचं म्हणणं. ते जुन्या अनुभवावरून बोलत असतील, पण मुद्दा पोकळ नाही. अलेंबिक १९०७ साली निघाली ती प्रा. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या हातून, आणि त्यातले गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. पुढे कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये चालू झाली, शेजारी खतांची जीएसएफसी आली, पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल आली. आज नंदेसरी, पादरा, सावली, हालोल आणि खाली अंकलेश्वर-दहेजपर्यंत औषधं, रंग, कीटकनाशकं, पॉलिमर यांचे कारखाने आहेत. या पट्ट्यात केमिस्ट्रीच्या पदवीधराला पहिली नोकरी मिळणं इतर बऱ्याच शहरांपेक्षा सोपं आहे. पण पहिली नोकरी मिळणं वेगळं आणि पुढे वाढणं वेगळं, आणि त्यासाठी केमिस्ट्री कशी शिकलात हे महत्त्वाचं ठरतं.

मी मुलाखतीत एक साधा प्रश्न विचारतो: एक लिटर ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार करून द्या. बाटलीवर ३७ टक्के आणि घनता १.१८ लिहिलेली असते. त्यावरून ते सुमारे १२ नॉर्मल येतं, म्हणजे साडेआठ मिलीच्या आसपास घेऊन पाण्याने लिटरभर करायचं. बरेच जण पाठ केलेला आकडा सांगतात. मग मी विचारतो, हे नक्की ०.१ आहे हे कशावरून? त्या ॲसिडमधून वायू उडत राहतो, बाटली कधी उघडली ठाऊक नाही, तेव्हा तोलून घेतलेल्या निर्जल सोडियम कार्बोनेटवर टायट्रेशन करून खरी नॉर्मॅलिटी काढावी लागते. हे उत्तर स्वतःहून देणारा मुलगा किंवा मुलगी मला पुरेशी असते. मशीन चालवायला मी महिन्याभरात शिकवू शकतो.

एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, त्याबद्दलही असंच विचारतो. आयबुप्रोफेनसारखं आम्लधर्मी औषध आहे, सी-१८ कॉलम (घटक धरून ठेवणारी नळी) आहे, मोबाइल फेजचा (तिच्यातून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच अडीचच्या आसपास ठेवलाय, का? कारण औषधाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर भार येतो तो आकडा, साडेचारच्या जवळपास आहे. पीएच त्याच्या बराच खाली असला की रेणूवर भार येत नाही, तो कॉलमवर नीट धरला जातो आणि आलेखातलं त्याचं शिखर अरुंद, सरळ मिळतं. पीएच पीकेएच्या जवळ नेला तर अर्धे रेणू एका रूपात, अर्धे दुसऱ्या, आणि शिखर पसरतं, रोज जागा बदलतं. हे बारावी आणि पहिल्या वर्षाचं आम्ल-आम्लारीच आहे. ज्याला हे कळलं त्याला उद्या कंपनीने मशीन बदललं तरी अडचण येत नाही. सहा महिन्यांचा 'इन्स्ट्रुमेंट कोर्स' करून आलेल्या मुलांना नेमकं इथेच अडतं. त्या मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी 'का' शिकवलंच नाही.

बायोटेक्नॉलॉजीबद्दल जपून बोलतो, कारण या विषयात मन रमलेली खूप मुलं मला भेटतात आणि त्यांचा उत्साह खरा असतो. विषय उत्तम आहे. अडचण अशी की बीएस्सी बायोटेक या टप्प्यावर थांबलेल्या मुलांसाठी उद्योगात जागा कमी आहेत. संशोधनाच्या जागांना एमएस्सी, बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते. तेव्हा हा विषय घ्यायचा तर एमएस्सीपर्यंतची पाच वर्षं, पीएचडीपर्यंत जायचं तर दहा, शिकायची तयारी घरानेही ठेवावी आणि आधीच बोलून घ्यावी. तिला जीवशास्त्रच आवडत असेल तर मी मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री सुचवेन. बडोद्यात हे दोन्ही विभाग जुने आहेत, त्यांना परंपरा आहे.

मायक्रोबायोलॉजिस्टचं काम कसं असतं ते मुलीला आधी दाखवा. इंजेक्शनच्या कारखान्यात निर्जंतुक भागात जाताना डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावं लागतं, मोजून हालचाल करायची, हवेतले जंतू पकडायला प्लेट उघडी ठेवायची ती जास्तीत जास्त चार तास, मग ती उबवायची आणि एकेक वसाहत मोजायची. निर्जंतुकतेच्या चाचणीचे नमुने दोन वेगवेगळ्या माध्यमांत १४ दिवस उबवतात. या १४ दिवसांत घाई करता येत नाही आणि एका नळीत गढूळपणा दिसला तर अख्ख्या बॅचवर प्रश्न उभा राहतो. संयमी, नेटक्या हाताच्या माणसाला हे काम फार समाधान देतं. चंचल माणूस तिथे कंटाळतो. आवड बघायची ती अशी, विषयाच्या नावावरून नाही.

मामांच्या एआयकडे येतो. मामा पूर्ण चूक नाहीत. प्रयोगशाळेत आकडे उतरवून घेणं, तक्ते भरणं, क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) मोजणं ही कामं सॉफ्टवेअर करू लागलंय आणि नुसत्या तेवढ्यावर असलेल्या जागा कमी होत जातील, असं मला वाटतं. पण यातून 'मग डेटा सायन्समध्ये बीएस्सी करा' हा निष्कर्ष निघत नाही. अशा नव्या पदव्यांचा अभ्यासक्रम मी मुलांकडून मागवून वाचतो. काहींत संभाव्यता, रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र भक्कम आहे. काहींत मात्र दर सेमिस्टरला एक नवं सॉफ्टवेअर आणि त्याच्या खाली गणित जेमतेम. दुसऱ्या प्रकारची पदवी मुलगी बाहेर पडेपर्यंत शिळी झालेली असते. डेटाचंच काम करायचं असेल तर संख्याशास्त्र मेजर घ्या. तीच खरी जुनी, टिकाऊ पदवी आहे आणि पुढचे सगळे दरवाजे तिला उघडे राहतात: औषधांच्या क्लिनिकल चाचण्या, विमा कंपन्यांतलं ॲक्च्युअरीचं (जोखमीचा हिशोब मांडायचं) काम, बँका, सांख्यिकी सेवा.

आणि संख्याशास्त्र नुसतं जोडीला असलं तरी काय होतं ते आमच्याच कामातून सांगतो. औषधाच्या पाकिटावर मुदत संपण्याची तारीख असते, ती ठरते कशी? गोळ्या ठरलेल्या तापमान-आर्द्रतेत ठेवतात. उष्ण आणि फार दमट हवेसाठी ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, शिवाय घाईच्या अभ्यासासाठी ४० अंश. ठराविक महिन्यांनी काढून औषध किती शिल्लक आहे ते मोजतात. बिंदू आलेखावर मांडले की उतरती रेषा मिळते. पण मुदत त्या रेषेवरून धरत नाहीत. रेषेच्या खाली ९५ टक्के खात्रीची जी मर्यादारेषा येते, ती औषधाच्या मान्य किमान प्रमाणाला जिथे छेदते तिथपर्यंतच मुदत देता येते. मोजमाप विस्कळीत असेल तर ती खालची रेषा लवकर छेदते आणि चांगल्या औषधाचीही मुदत कमी होते. म्हणजे केमिस्टचा हात आणि संख्याशास्त्रज्ञाचं गणित इथे एकाच कागदावर येतात. दोन्ही समजणारी माणसं मला आजवर फार कमी भेटली. ज्या भेटल्या त्या मुली-मुलांना आम्ही सोडलं नाही, आणि बाहेरच्या कंपन्यांनीही सोडलं नाही. एआय आलं तरी त्याला कोणता आकडा विश्वासाचा आणि कोणता नाही हे सांगणारं माणूस लागतंच, आणि ते माणूस ज्याने तो आकडा कधीतरी हाताने काढलाय तेच असतं.

मूळ विषयातून दुसरीकडे जाता येतं याचा दाखला आपल्याच गावातला आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्सची बीएस्सी केली. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातून १९७६ मध्ये पीएचडी केली तीही फिजिक्सचीच. त्यानंतर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडण्यात त्यांचा वाटा होता आणि २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. तिन्ही शास्त्रांत त्यांना नेणारी शिदोरी म्हणजे पक्कं फिजिक्स आणि गणित. उलटा प्रवास, म्हणजे वर्णनात्मक जीवशास्त्राकडून गणिती विषयांकडे, अशक्य नसला तरी फार जड जातो. म्हणून एबी ग्रुपच्या मुलीला माझं कळकळीचं सांगणं: गणिताचा हात पदवीत सोडू नकोस. निदान मायनर (जोडविषय) म्हणून तरी ठेव.

घरात ज्यांचं नाव निघालं नाही असे दोन विषय मी मुद्दाम काढतो. पहिला भूगर्भशास्त्र. शाळेत तो विषय नसतो, म्हणून मुलांच्या यादीतच नसतो, आणि आपल्या विद्यापीठात त्याचा चांगला विभाग आहे. खंभातच्या खोऱ्यात १९५८ मध्ये तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला, आणि तेव्हापासून ओएनजीसीचं बडोद्याशी नातं आहे. आता तेलापलीकडचं बघा. छोटाउदेपूर जिल्ह्यात कडीपानीला फ्लोरस्पारची खाण आहे आणि तिथल्याच अंबाडुंगरच्या कार्बोनेटाइट खडकात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं आहेत. विजेच्या गाड्यांच्या मोटरमध्ये आणि पवनचक्कीत जी जोरदार चुंबकं लागतात ती याच मूलद्रव्यांची. केंद्र सरकारने २०२५ मध्ये अशा महत्त्वाच्या खनिजांसाठी राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. भूजलाचं काम तर कधीच संपणार नाही. उन्हातान्हात फिरायची तयारी हवी, फील्डवर्क टाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. पण स्पर्धा कमी आणि काम खरं, असा हा विषय आहे.

दुसरा फिजिक्स. अहमदाबादेत पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) आणि इस्रोचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्था, जिथून फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलनाच्या प्रकल्पातला भारताचा वाटा सांभाळला जातो. शिवाय साणंद आणि धोलेऱ्याला सेमीकंडक्टरचे प्रकल्प. चिपच्या कारखान्यात लागणारं बरंचसं ज्ञान निर्वात तंत्र आणि पातळ थरांचं, म्हणजे फिजिक्स आणि केमिस्ट्रीचंच आहे. या प्रकल्पांत नेमक्या किती आणि कोणत्या जागा निघतील यावर आज कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण तो पाया असलेल्या मुलाला तिथे उभं राहता येईल हे नक्की.

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की शिक्षण, वनखातं, बियाणं किंवा टिश्यू कल्चर यांपैकी काय करायचं ते आधी ठरवून घ्या. पर्यावरणशास्त्रही मी पदवीला सुचवत नाही. सांडपाण्याचा बीओडी (जंतूंना लागणारा ऑक्सिजन) २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढायचा असो किंवा डायक्रोमेटने सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज), हात केमिस्टचाच लागतो. केमिस्ट्री करून एमएस्सीला पर्यावरणाकडे वळणं जास्त फायद्याचं.

एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलून घ्या. क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणीची, नोकरी म्हणजे बहुतेक ठिकाणी शिफ्ट. दहेजला रोज जायचं तर सकाळी लवकर बस, यायला उशीर. संशोधन विभागात दिवसाची ड्युटी असते, पण तिथे एमएस्सी लागते. मुली मध्येच नोकरी सोडतात त्यामागे हे कारण मी पुष्कळदा पाहिलंय, आणि लग्नाच्या बोलण्यांत ते आधी कोणी काढत नाही. तिची नोकरी हा सगळ्या घराचा निर्णय आहे असं समजून तिच्या पाठीशी उभं राहणार का, हे ताई, तुम्ही आणि घरातल्यांनी ठरवायचंय.

आता तिच्यासाठी नेमकं. ती हिशोबात पक्की असेल, प्रयोग करताना हात चालत असेल, तर केमिस्ट्री मेजर आणि संख्याशास्त्र मायनर. कॉम्प्युटरवर पायथन किंवा आर तिने स्वतः शिकावं, त्यासाठी पदवी खर्च करू नये. जीवशास्त्राशिवाय चैन पडत नसेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री मेजर, केमिस्ट्री मायनर. कोणत्या मेजरसोबत कोणता मायनर मिळतो हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं. ते फॅकल्टीत जाऊन विचारा, माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना गाठून एवढंच विचारा: आठवड्यात किती तास प्रॅक्टिकल खरोखर होतं, आणि उपकरणाला हात लावू देतात की लांबून दाखवतात.

चौथ्या वर्षाचंही आत्ताच डोक्यात ठेवा. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीची वाटही मोकळी होते. बाहेरच्या आयआयटीत एमएस्सी करायची इच्छा असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सुरू व्हावी. तो विषय पदवीला किती सेमिस्टर झालेला हवा याची अट प्रत्येक संस्थेची वेगळी असते, ती प्रवेशाआधीच वाचा. संशोधनाची ओढ नसेल तर तीन वर्षांवर थांबून एमएस्सी केलेली बरी. एमएस्सीला केमिस्ट्रीची कोणती शाखा, ऑरगॅनिक की ॲनालिटिकल, हा प्रश्न तेव्हाचा, आणि तोवर तिला त्याचं उत्तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.